मूठ बदलली, पाते बदलले

छंद नाना प्रकारचे असतात. कुणी तिकिटे जमवतो, कुणी गुलाबाची कलमे बांधतो. मला नोकरीतून मोकळा झाल्यावर जो छंद लागला तो सांगताना मात्र मी थोडा ओशाळतो. मी चाकू सुधारतो. चाकू म्हणजे पुष्कळसे चाकू नव्हेत. एकच चाकू, आणि तोही खिशातला!

आमचे वडूज येरळेच्या काठी वसलेले, खटाव तालुक्याचे ठाणे. पावसाने या बाजूकडे बहुधा पाठच फिरवलेली. त्यामुळे इकडच्या आणि माण, आटपाडी, खानापूर भागातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगले. जुने दागिने आटवायचे, तेजाबात हीण काढायचे आणि शुद्ध सोने तोलून द्यायचे, असा तो धंदा. आमचे आप्पाही असेच दक्षिणेत गेले. तिथल्या एका गिऱ्हाइकाने परदेशाहून येताना त्यांना हा चाकू आणून दिला होता. लाल मुठीचा, स्वित्झर्लंडचा.

या चाकूचे कूळ मोठे आहे. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने 1891 मध्ये स्विस सैन्याला शिपायांचे चाकू पुरवायला आरंभ केला. आणि 12 जून 1897 रोजी त्याहून हलका, नाजूक असा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. त्यातली युक्ती मोठी सुरेख होती. सहा हत्यारे आणि कमानी मात्र दोनच! एकच कमान एका अंगाला पात्याला रेटा देते आणि दुसऱ्या अंगाला आरीला. एका मिळकतीत दोन संसार गुण्यागोविंदाने चालावेत, तसा हा प्रकार.

अधिकाऱ्यांच्या या चाकूला बाटलीचे बूच काढण्याचे मळसूत्र होते. ते आमच्या आप्पांच्याही चाकूला होते. आमच्या माळकरी घरात त्याचा उपयोग काय, असे कुणीही विचारील. आप्पा त्याने गाठी सोडवीत. पोत्याची, पार्सलाची, बैलाच्या दाव्याची कसलीही गाठ असो, मळसूत्राचे टोक तिच्या पोटात फिरवून ती ते अलगद सैल करीत. आईने कधी घाईने विळी पुढे केली तर म्हणत, "कापायला काय लागतंय? गाठ सोडवावी."

आप्पांच्या मागे चाकू माझ्याकडे आला. पहिली दुरुस्ती खरोखरच नडीची होती. कात्रीची इवलीशी कमान तुटली होती. ती टपालाने मागवली आणि मीच बसवली. कात्री पुन्हा आपोआप उघडू लागली, तेव्हा मला जो आनंद झाला तोच पुढे घातक ठरला! दातकोरणे पिवळे पडले होते, ते बदलले. चिमटा सैल होता, तोही बदलला. मग धार लावून लावून अरुंद झालेले पाते डोळ्यांत खुपू लागले. बाजारातल्या एका कारागिराकडून रिबिटांची डोकी घासून घेतली, दुसऱ्या जुन्या चाकूचे रुंद पाते त्यात घातले आणि नवी पितळी रिबिटे ठोकून घेतली. शेवटी लाल मुठीकडे नजर गेली. एका कडेला ती फुगून काळवंडली होती. सुताराकडून शिसवीच्या पट्ट्या करवून घेतल्या, तेलपाणी केले. चाकू असा देखणा झाला की आल्यागेल्याला मी तो उगाचच दाखवू लागलो. राहिले होते फक्त मळसूत्र. त्याच्या जागी फुलीचा पेचकस बसवायचा बेत होता. पण कारागिराला दिवाळीच्या गर्दीत सवड झाली नाही.

त्या दिवाळीला धाकटा भाऊ आला. आप्पांची गलाई आता तोच सांभाळतो. फराळ झाल्यावर त्याने सहज विचारले, "दादा, आप्पांचा चाकू कुठाय?"

मी ऐटीत चाकू त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, पाते उघडून मिटले. "झकास आहे," तो म्हणाला. "पण आप्पांचा कुठाय?"

मी हसलो; तो हसला नाही. मग त्याने सांगितले. आठ वर्षांचा असताना तो सुट्टीत आप्पांकडे गेला होता. एका रात्री खेळता खेळता त्याने चाकू पेटल्या भट्टीच्या कडेला ठेवला आणि विसरला. मूठ एका अंगाने वितळली. आता मार बसणार म्हणून तो कोपऱ्यात दडून बसला. आप्पांनी चाकू गार होऊ दिला, पुसला, खिशात टाकला आणि त्याला जेवायला हाक मारली. त्यानंतर जन्मात कधी त्यांनी ती गोष्ट काढली नाही.

जो डाग मी व्यंग म्हणून काढून टाकला, ती माझ्या भावाला मिळालेली क्षमा होती! ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती.

मी कपाटातला डबा धुंडाळला. जुने पाते मिळाले, तुटकी कमान मिळाली. मुठीच्या लाल पट्ट्या सुताराकडेच राहिल्या होत्या, आणि त्याच्या भुशाबरोबर कधीच गेल्या होत्या.

रात्री अंथरुणावर पडून मी स्वतःची वकिली करू लागलो. थीसियसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी कित्येक पिढ्या जतन केले. कुजलेली फळी काढावी, नवी घालावी. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरे, यावर तिथले तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला विचारले, की चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? भागांत रथ नाही, हे तर राजानेही कबूल केले. मग माझा चाकू तोच का नव्हे?

भावाच्या धंद्याने मात्र माझा खटला आणखी गुंतागुंतीचा केला. गलाईत सगळे उलटे असते. तिथे द्रव्य राहते आणि रूप जाते. माझ्या चाकूत रूप राहिले आणि द्रव्य गेले. भाऊ सांगत होता, की बाई पाटल्या मोडायला आणते तेव्हा सोन्याचा कण न् कण तिच्यादेखत तोलून दिला तरी तिचे डोळे भरतात. तोळ्यांचा हिशेब चोख असतो. पण जे गेले ते ताजव्यात कधी नव्हतेच.

तेव्हा पहाटे पहाटे माझ्या ध्यानात आले, की तोच की दुसरा, हा माझा प्रश्नच नव्हता. अथेन्सकरांनी फळ्या बदलल्या त्या कुजल्यावर, आणि जहाज साऱ्या गावाचे म्हणून. मी धडक्या फळ्या काढल्या, त्या माझ्या हौसेसाठी, कुणाला न विचारता. आप्पांनीही पाते झिजवले होते, पण कामात. झिजवणे आणि बदलणे यांत पुष्कळ अंतर आहे. वडिलांची वस्तू वाटणीत एकाच्या हाती येते. तिच्यावरच्या खुणा मात्र कुणाच्याच वाटणीला येत नाहीत. त्या साऱ्यांच्या सामाईक असतात. तुटलेली कमान जरूर बदलावी. नाहीतर घर म्हणजे अडगळीची खोली होईल. परंतु डाग पुसण्यापूर्वी घरातल्या चार माणसांना एकदा विचारावे, "हा कशाचा?" एवढेच. हे वाड्याच्या भिंतीला लागू आहे, आईच्या जात्याला लागू आहे, आणि घरातल्या जुन्या रीतींनाही लागू आहे.

सकाळी आकाशकंदिलाच्या दोरीला गाठ बसली होती. मी कात्री उघडली. भावाने न बोलता चाकू माझ्या हातातून घेतला, बोटाने चाचपून मळसूत्र बाहेर काढले आणि आप्पांसारखीच मान तिरकी करून तो गाठ सैल करू लागला. मी दोरीचे दुसरे टोक धरून उभा राहिलो.

पेचकस अजून डब्यात आहे. तो बसवायचा नाही, असे मी त्या कारागिराला कळवले आहे.