बाण घडवणारा हात



सहीह बुखारीमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांच्याकडून एक दीर्घ हदीस आली आहे. निर्जन खोऱ्यात राहिलेल्या हजरत हाजरा (अ.स.) आणि त्यांचे तान्हे बाळ, झमझमचा उगम आणि अखेरीस काबागृहाची उभारणी, अशी सारी हकीकत तीत येते. त्या हकीकतीतील एका लहानशा प्रसंगावरून आपण बहुधा न थांबता पुढे जातो. हजरत इब्राहीम (अ.स.) मुलाच्या भेटीस आले, तेव्हा हजरत इस्माईल (अ.स.) झमझमजवळच्या एका मोठ्या झाडाखाली बसून आपले बाण तासत होते. पित्याला पाहताच ते उठले. पितापुत्रांची भेट झाली. आणि मग पित्याने सांगितले की अल्लाहने येथे एक घर बांधण्याची आज्ञा दिली आहे.

जरा विचार करा. ज्या हातांनी काबागृहासाठी दगड वाहून आणले, त्या हातांत क्षणापूर्वी बाणाची काठी होती. शिकारीवर त्या घराची गुजराण होती आणि शिकारीचे साधन ते स्वतः घडवत होते. अल्लाहच्या घराच्या बांधकामाचे बोलावणे आले, ते अशा कामात मग्न असलेल्या माणसाला.

बाण घडवण्याला आपल्या दीनमध्ये किती मोल आहे, हे आणखी एका हदीसवरून कळते. हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्या कथनानुसार नबी करीम (स.) यांनी सांगितले की अल्लाह एका बाणामुळे तिघांना जन्नतमध्ये प्रवेश देतो: भलाईच्या निय्यतीने तो घडवणारा, तो चालवणारा आणि तो हाती देणारा. ही हदीस अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. नेम साधणाऱ्याचे नाव लोक घेतात. परंतु या हदीसमध्ये घडवणाऱ्याचा उल्लेख प्रथम आला आहे, आणि निय्यतीची अट त्याच्याच बाबतीत शब्दांत सांगितली आहे. कारण चालवणाऱ्याचे काम सर्वांना दिसते, घडवणाऱ्याचे काम एकांतात होते. तेथे त्याचा साक्षीदार केवळ अल्लाह असतो.

त्या काळी बाण हे रणांगणाचे शस्त्र होते. आज आपल्या मुलांसाठी तिरंदाजी हा मैदानावरचा खेळ आहे, आणि त्यात महाराष्ट्राने मोठे नाव कमावले आहे. 2023च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. या प्रकारात 50 मीटरवरून नेम धरायचा असतो आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे 8 सेंटिमीटर व्यासाचे असते. इतक्या अंतरावर मागची पिसे किंवा प्लास्टिकची पाती तिरकी असतील, तर उत्तम नेमही वाया जातो.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की मूल तिरंदाजी शिकत असेल तर त्याला बाणाला पिसे लावायलाही घरी शिकवा. पीस निघाले म्हणून बाण टाकून देऊ नका; तो इस्राफ आहे. मागची पिसे हवेला अडतात, त्यामुळे शेपटी मागे राहते आणि टोक पुढे जाते. तीन पिसे एकमेकांपासून 120 अंशांवर लावतात. त्यांपैकी एक दोरीच्या खाचेशी काटकोनात असते, म्हणजे उरलेली दोन धनुष्याला कमीत कमी घासतात. तिन्ही पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलट असतो, त्यांची सरमिसळ केली तर बाण स्थिर राहत नाही. जुना डिंक काठीला इजा न करता खरवडावा, काठी पुसून कोरडी करावी, पीस साच्याच्या चिमट्यात धरून डिंकाचा पातळ थर द्यावा, ते पक्के झाल्यावरच दुसरे घ्यावे. शेवटी प्रत्येक पिसाच्या पुढच्या टोकाशी डिंकाचा एक थेंब ठेवावा. तेथून पीस उचलले गेले तर बाण सुटताना हात कापतो.

पिसे कोठून आणावीत, असा प्रश्न येईल. हलाल पद्धतीने जबह केलेल्या पक्ष्याची पिसे सर्व मसलकांत पाक आहेत. मेलेल्या पक्ष्याची पिसे हनफी मसलकात पाक मानली जातात, शाफई मसलकात नाहीत. आपल्या कोकणी बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. पिसांसाठी रानपक्षी मारणे तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही निषिद्ध आहे. आणि जिवंत प्राण्याला निशाणा करण्यास नबी करीम (स.) यांनी सक्त मनाई केली आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पवित्र कुरआनच्या सूरह माइदामध्ये ज्या ‘अजलाम’ना सैतानी कृत्यांत गणले आहे, तेही बाणच होते, मात्र पीस आणि पाते नसलेल्या नुसत्या काठ्या. त्या हलवून लोक आपले नशीब विचारत. मक्का विजयाच्या दिवशी काबागृहातील चित्रात हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल (अ.स.) यांच्या हाती त्या काठ्या दाखवलेल्या होत्या, या दोघांनी असे कधीही केले नव्हते, असे नबी करीम (स.) यांनी स्पष्ट केले. काठी तीच. नशीब विचारण्यासाठी हाती घेतली तर गुनाह, आणि मेहनतीने तासून, पिसे लावून भलाईसाठी घडवली तर सवाब.

आता आपल्या थेरगावकडे पाहू. येथील कितीतरी घरांतले बाप आणि मुलगे पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत शिफ्टला जातात. त्यांनी घडवलेला भाग कोणत्या गाडीत बसेल आणि ती गाडी कोण चालवेल, हे त्यांना कधीच कळत नाही. रात्रपाळीत माप किंचित चुकलेले दिसते, तपासणारा जवळ नसतो, आणि मन म्हणते, ‘चालतंय’. ईमानची परीक्षा त्या क्षणी होते. तो भाग ब्रेकचा असेल, तर उद्या एखादे कुटुंब त्याच्या भरवशावर घाट उतरणार आहे. सूरह सबामध्ये अल्लाहने हजरत दाऊद (अ.स.) यांना चिलखताच्या कड्या नीट मापाने जोडण्याची आज्ञा दिली. अचूक माप हा केवळ ठेकेदाराचा नियम नाही, ती अमानत आहे. ज्या मुलाने घरी तिरके लागलेले पीस स्वतः उपटून पुन्हा लावले, तो मोठेपणी चुकीचा जॉब पुढे ढकलताना थबकेल.

आणि अशा बापाने मुलासमोर आपल्या कामाची लाज बाळगू नये. स्वतःच्या हाताच्या कमाईहून उत्तम अन्न कोणी खाल्ले नाही, आणि हजरत दाऊद (अ.स.) आपल्या हाताच्या कमाईवर जगत, असे नबी करीम (स.) यांनी सांगितले आहे. काळवंडलेली बोटे हा घराचा मान आहे.

घडवण्यासोबत जपणुकीची जबाबदारीही येते. बाण घेऊन मशिदीतून जाणाऱ्या माणसाला, कोणाला इजा होऊ नये म्हणून, त्यांची टोके हाताने धरण्यास नबी करीम (स.) यांनी फर्माविले. म्हणून बाण भात्यात ठेवावेत, सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मैदानावरच करावा, गल्लीत वा गच्चीवर नव्हे. कार्बनची काठी प्रत्येक वेळी हलकेच वाकवून तपासावी. तडा दिसला तर तो बाण मोडून टाकावा.

राहिला तिसरा, बाण हाती देणारा. उहुदच्या दिवशी नबी करीम (स.) यांनी आपल्या भात्यातील बाण हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्यासमोर ठेवले आणि त्यांना बाण चालवण्यास सांगितले. म्हणजे हे तिसरे काम खुद्द प्रेषितांनी केले आहे. पहाटे उठून डबा भरणारी आई, लहान भावाची शिकवणी घेणारी बहीण, शिफ्ट संपवून मुलाला मैदानावर नेणारा बाप, हे सारे बाण हाती देणारेच आहेत. निय्यत शुद्ध असेल, तर त्यांचा वाटा अल्लाहपाशी लिहिलेला आहे.

हजरत उक्बा (रजि.) वृद्धापकाळातही दोन निशाणांच्या मध्ये ये-जा करत सराव करीत असत. कोणी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की ही विद्या शिकून सोडून देणाऱ्याविषयी त्यांनी नबी करीम (स.) यांची कडक ताकीद ऐकली होती. हाताला आलेला हुन्नर ही अल्लाहची नेमत आहे. तो गंजू देणे ही तिची नाशुक्री होय.

या अल्लाह, आमच्या हातांना हलाल काम दे, त्या कामात सचोटी दे, आणि जेथे कोणी पाहत नाही तेथे तू पाहतोस याची जाणीव आमच्या व आमच्या मुलांच्या अंतःकरणात कायम ठेव. आमीन.