मोडायचंच, तर जीव का ओतायचा?

जबलपूरमध्ये मी डिझाइन शिकवतो. नमुना उद्या मोडायचाच आहे, तर आज त्यात जीव का ओतायचा, हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी विचारतोच. आमची कामाची रीतच तशी आहे. पुठ्ठ्याचा, फोमचा किंवा थ्रीडी प्रिंटरवरचा नमुना झटपट करायचा, वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा, उणिवा हेरायच्या आणि पुन्हा नवा करायचा.

ग्वारीघाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या वृद्धांसाठी एक गट काठीची मूठ करत होता. रात्रभर प्रिंट झालेली मूठ पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली होती. नर्मदास्नान करून वर आलेल्या आजींनी ती धरून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "बेटा, गीले हाथ में फिसलती है." गटातला एक मुलगा लगेच मूठ कशी धरायची ते त्यांनाच शिकवू लागला. आसक्ती म्हणतात ती हीच. आजींच्या तोलापेक्षा त्याला आपली मूठ प्यारी झाली होती.

मग 'कच्चाच तर आहे' म्हणत नमुना कसाबसा उरकावा का? तेही नाही. कडा खरबरीत राहिली, तर हाताला टोचतं ते घडणीमुळे की आकारामुळे, हे कळणारच नाही. निष्काळजीपणाला अनासक्ती म्हणू नये.

हरतालिकेला आमच्या घरी वाळूची पिंडी होते. तिचं विसर्जन ठरलेलंच असतं, तरी पत्री वाहताना कुणी हात आखडता घेत नाही. पण यंदाची पिंडी गेल्या वर्षीच्या पिंडीतली चूक सुधारत नाही. आम्ही मात्र सुधारण्यासाठीच मोडतो. आम्हाला फळ हवंच असतं. मग गीतेतल्या फलत्यागाचं काय? मला वाटतं, फळ जरूर मागावं. ते आपल्याच म्हणण्याला दुजोरा देणारं असावं, हा हट्ट सोडावा.

इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत बनणाऱ्या धनुष तोफेची नळी 2013 साली पोखरणच्या चाचणीत फुटली. कारणं शोधली गेली, सुधारणा झाल्या, पुन्हा चाचण्या झाल्या आणि 2019 मध्ये पहिल्या तोफा लष्कराच्या हाती गेल्या. जे फुटायचं ते चाचणीतच फुटू देणं, ही तोफेमागे उभं राहणाऱ्या जवानाबद्दलची दया आहे. आजींचं बोलणं ऐकून घेणं हीसुद्धा तीच दया. ती मनात असली की नमुना जीव ओतून घडवताही येतो आणि खंत न करता मोडताही येतो.