टाळेबंदी आणि संघधर्म

'टाळेबंदी' हा शब्द मराठीला नवा नाही. गिरणीच्या मालकाने कामगारांवर दरवाजा बंद केला म्हणजे ती टाळेबंदी, हाच त्याचा जुना अर्थ. २०२० च्या मार्च महिन्यात त्या शब्दाने निराळेच रूप घेतले. महामारीच्या भयाने शासनाने कुलूप लावले, आणि मालक व मजूर दोघेही त्या कुलपाच्या एकाच बाजूला उभे राहिले. अशा वेळी मालकांच्या संघांचे कर्तव्य काय? सभासदांचे रक्षण एवढेच, की त्याहून काही अधिक?

या संघांनी त्या काळी जे केले ते थोडे नव्हे. दहा कामगारांची शेड चालविणाऱ्या लहान उद्योजकाला रोज निघणारे व रोज बदलणारे आदेश वाचून त्यांचा अर्थ लावणे शक्य नव्हते. कोणता कारखाना अत्यावश्यक, परवाना कोणाकडे मागावा, कच्च्या मालाची गाडी जिल्ह्याच्या सीमेवर अडली तर काय करावे, हे त्याला संघाने सांगितले. त्याचे गाऱ्हाणे अर्थखात्यापर्यंत व रिझर्व्ह बँकेपर्यंत नेले. २७ मार्च रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा मिळाली व ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. मे महिन्यात मुख्यतः लहान उद्योगांसाठी तीन लक्ष कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची हमी जाहीर झाली. एकट्यादुकट्याचा आवाज जिथे पोहोचत नाही तिथे समूहाचा पोहोचतो, आणि संघाचे पहिले प्रयोजन तेच आहे.

परंतु अशी सवलत मागताना एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो : उद्योग बुडाला तर कामगारांची चूल विझेल. हा युक्तिवाद खरा आहे. म्हणूनच तो करणाऱ्यावर एक ऋण चढते. ज्याच्या नावाने मागितले, त्याच्यापर्यंत मिळालेल्यातील काही पोहोचले काय, हे पाहण्याचे ते ऋण होय. केंद्र शासनाने २९ मार्च रोजी टाळेबंदीच्या काळातील वेतन कपात न करता द्यावे असा आदेश काढला, तेव्हा काही उद्योजक व त्यांचे संघ सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची अडचण खोटी नव्हती. एका पैशाची विक्री नसताना पूर्ण पगार कोठून द्यावा? १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला, आणि १२ जून रोजी न्यायालयाने उभयतांनी वाटाघाटीने मार्ग काढावा असे सांगितले. मात्र गावी निघून गेलेला मजूर त्या वाटाघाटीस कोठून येणार होता, हा प्रश्न उरलाच. गुजरात शासनाने तर १७ एप्रिल रोजी बारा तासांचा दिवस व जादा कामाला दुपटीऐवजी साधाच दर, अशी मोकळीक कारखान्यांना दिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

त्याच गुजरातेत, अहमदाबादेस, हा प्रश्न एकदा पूर्वी उभा राहिला होता. १९१७ साली प्लेग पसरला, कामगार शहर सोडू लागले, आणि त्यांना टिकवून धरण्यासाठी गिरणीमालकांनी विणकऱ्यांना वेतनाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत 'प्लेग बोनस' दिला. साथ ओसरली तसा तो थांबविण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. मालक २० टक्के वाढ देण्यास तयार होते. गांधीजींनी दोन्ही बाजू तपासून ३५ टक्के हा आकडा ठरविला. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली, १५ मार्चला गांधीजींनी उपोषण आरंभिले, तीन दिवसांत प्रकरण लवादाकडे गेले आणि अखेर ३५ टक्केच मान्य झाले. साथीत मजुराची गरज असताना दिलेले द्रव्य ही त्याच्या श्रमाची किंमत होती. त्याच्या गरजेची दखल गरज संपल्यावरच घ्यावी लागते, आणि मालकांच्या संघाची कसोटी तेथेच लागली.

संघाच्या आतही अशीच एक कसोटी असते. मोठा कारखाना लहानाकडून माल घेतो आणि देणे महिनोन्महिने लांबवितो. २००६ च्या कायद्याने अशा देण्यास कमाल ४५ दिवसांची मुदत घातली आहे व विलंबास जबर व्याजही ठरविले आहे. पण तक्रार केली तर गिऱ्हाईक जाते, म्हणून लहान मनुष्य गप्प बसतो. येथे संघाला शासनाकडे हात पसरण्याची आवश्यकता नव्हती. नावे न घेता, आपल्याच मोठ्या सभासदांना 'आधी धाकट्यांचे देणे फेडा' असे बजावणे त्याच्या हाती होते. सभासदांसाठी मागणे सोपे. सभासदांकडे मागणे कठीण. आणि संघाला जे नैतिक बळ लाभते ते या दुसऱ्या कृतीनेच.

हे लिहिताना आपण सरकारी नोकरांनी न्यायासनावर बसण्याची घाई करू नये. आपला महागाई भत्ता जानेवारी २०२० पासून अठरा महिने गोठविला गेला हे खरे. पण मूळ पगार चुकला नाही. शिवाय लहान उद्योगांच्या ऋणकोंत शासकीय खाती व सार्वजनिक उपक्रमही होते. त्यांची देणी ४५ दिवसांत फेडली जातील असे अर्थमंत्र्यांना १३ मे २०२० रोजी जाहीर करावे लागले, यातच सर्व आले. एखादे बिल एका टेबलावर शेरा लिहिला न गेल्याने पडून राहते, तेव्हा दूर कोठे तरी आठवड्याची हजेरी थकते. त्या टेबलाला कोणताही संघ नसतो. असतो तो केवळ तेथे बसलेला मनुष्य.

म्हणून संघाला आपण जो प्रश्न विचारतो तोच आपणांसही लागू आहे. आपल्या हातातून जे पुढे जायचे, ते ज्याचे आहे त्याच्याकडे वेळेवर गेले काय? पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगावे. परंतु या प्रश्नाचे उत्तर साथ येण्याची वाट न पाहता, रोजच्या कामातूनच देता येण्याजोगे आहे.