दुकानातली दुसरी खुर्ची

खुर्ची म्हटलं की आपल्या पोरांना मंत्रालय आठवतं. त्या खुर्चीवर आपण लई कागद खराब केलेत. मी बोलतोय सलूनमधल्या खुर्चीबद्दल. पाठ मागं पडणारी, डोक्याला उशी असलेली, जिच्यावर माणूस डोळे मिटून आपला गळा दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली देतो ती.

माझा मावसभाऊ ताडीवाला रोडला सलून टाकतोय. दहा बाय बाराचा गाळा, पतपेढीचं कर्ज. मी फॅब्रिकेशनच्या कामावर असतो, मला वेल्डिंग कळतं, म्हणून खुर्च्या बघायला तो मला घेऊन हिंडतो. हिंडता हिंडता आमचं वाजलंय. भांडण पैशाचं दिसतं. पण ते पैशाचं नाही, म्हणून ते या पानावर आणतोय.

त्याचं म्हणणं असं. एक खुर्ची झकास घ्यायची. हायड्रॉलिक, पांढऱ्या रेक्झिनची, काचेसमोर. दुसरी बुधवारच्या जुन्या बाजारातून उचलायची, लाकडी, पाठ न पडणारी, ती आत कोपऱ्यात. चांगलं गिऱ्हाईक पहिलीवर, बाकीचे दुसरीवर. मी विचारलं, बाकीचे म्हंजे कोण रे? तो म्हणाला, "कामावरनं थेट येतात ते, दादा. कचऱ्याच्या गाडीवरचे, ड्रेनेजवाले. त्यांना बसवलं की मागचं गिऱ्हाईक त्या खुर्चीवर बसत नाही."

बघा, यात जातीचं नाव कुठंच नाही. नुसता वास आहे, धंदा आहे. गावातल्या हॉटेलात आपल्या बापजाद्यांसाठी वळचणीला ठेवलेली कानतुटकी कपबशीसुद्धा अशीच स्वच्छतेच्या नावानं ठेवलेली असायची. आणि पुण्यात ड्रेनेजमध्ये कोण उतरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. साताऱ्यात ते लहान असताना त्यांचे आणि भावांचे केस थोरली बहीण कापायची. कापून कापून ती त्यात पटाईत झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, त्यांना द्यायला पैसे नव्हते असंही नाही. सुभेदाराचं घर होतं. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला न्हावी तयार नव्हता. म्हंजे खिशात पैसा असून खुर्ची नाही. बाजारात पैसा सगळ्यांना सारखा करतो म्हणणाऱ्यांनी ती बहीण डोळ्यापुढं आणावी.

तोच मुलगा पुढं 29 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत उभा राहिला. दुकानात जायला जातीमुळं कुणाला अडवता येणार नाही, या कलमावर चर्चा चालली होती. दुकान म्हंजे काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांचं उत्तर थोडक्यात असं, की आपल्याकडे सेवा मागायला येणाऱ्या कुणालाही ती द्यायला मालक तयार असतो, ती जागा म्हंजे दुकान. आणि लगेच उदाहरण दिलं ते न्हाव्याचं. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात दुकानाच्या व्याख्येत लाँड्री आणि केशकर्तनालय ही नावं घालून टाकली. एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्याला हजामतीच्या दुकानाचं नाव घ्यावं लागलं.

माझ्या भावाला या कायद्यात पकडणं सोपं नाही. तो कुणाला दारातून हाकलत नाही, फक्त कोपऱ्यात बसवतो. कायद्याच्या तावडीतून सुटतं तिथं आपली खरी परीक्षा चालू होते, कारण तिथं फिर्यादी कुणी नसतो.

तो म्हणतो, रेल्वेत नाही का वर्ग असतात? असतात. फेशियलला जास्त पैसे घे, माझी ना नाही. ते काम वेगळं. पण तीच दाढी, तोच वस्तरा, तोच गळा. दाढीला मान मागं टेकवावी लागते. लाकडी खुर्चीवर ती अधांतरी राहते आणि कारागिराला कंबर मोडून वाकावं लागतं. म्हंजे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसणाऱ्याचा गळा स्वस्त आणि कापणाऱ्याची पाठही स्वस्त.

मला न्हाव्याला शिव्या द्यायच्या नाहीत. तोही बलुतेदार. धोपटी काखेत मारून दारोदार हिंडायचा, सुगीला धान्य मागायचा. त्याचा हात लागला म्हणून बामण आंघोळ करायचा, आणि तोच न्हावी आपल्याला हात लावत नव्हता. वरून खाल्लेला मार खाली देण्याची ही रीत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात अलोन्झो हर्न्डन नावाचा गुलामीत जन्मलेला काळा माणूस सलूनवर श्रीमंत झाला. पीचट्री स्ट्रीटवरच्या त्याच्या दुकानात झुंबरं होती. कारागीर काळे, मालक काळा, आणि खुर्चीत बसायला परवानगी फक्त गोऱ्यांना. गोरं गिऱ्हाईक उठून जाईल, हेच तिथलंही गणित. आपण पँथरचं नाव अमेरिकेतून घेतलं. हे दुकानही बघून ठेवावं.

मग न्हाव्यानं कधी नाही म्हणूच नये का? म्हणावं. 1890 मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणाले. तोही नकारच, पण तो एका कामाला होता. विधवेच्या माणूसपणाच्या बाजूनं होता. साताऱ्यातला नकार माणसाला होता. आपल्या साहित्यात नकार हा शब्द आपण फार मिरवतो. तो कशाला दिला आणि कुणाला, एवढं तपासून मिरवावा.

आता खुर्ची. पांढरं रेक्झिन, वर सोनेरी शिलाई, आत पातळ स्पंज. अशी खुर्ची घेतली की मालक खुर्चीला जपायला लागतो, आणि खुर्चीला जपता जपता माणसं निवडायला लागतो. डाग पडेल, फाटेल, वास बसेल. टिकाऊ खुर्ची म्हंजे जिच्यावर कुणाला बसवताना मालकाला भीती वाटत नाही ती. म्हणून मी दुकानदाराला रंग विचारत नाही, खुर्ची उलटी करायला सांगतो. पाठीच्या बिजागरीला वेल्डिंग पूर्ण फिरवलंय का नुसते टाके मारलेत, ते बघतो. पाठ पूर्ण पाडून वजनदार माणूस बसवतो. बूड उचललं तर खाली तबकडी लहान आहे. हायड्रॉलिक वर चढवून, माणूस बसवून, पंधरा मिनिटं चहा पिऊन येतो. तेवढ्यात खुर्ची खाली बसली तर तेलाचं सील गेलेलं. हत्ते बोल्टाचे पाहिजेत, बदलता येतात. सीट एका तुकड्याची, खाचा नसलेली, रोज साबणाच्या फडक्यानं पुसता येईल अशी. दुकानदार वैतागतात. वैतागू द्या.

हायड्रॉलिकवर मी अडून बसलो, ते कारागिराच्या पाठीसाठी. दिवसाचे बारा तास तो उभा राहणार. खुर्ची वरखाली होत नसेल तर प्रत्येक डोक्यामागं तोच वरखाली होणार.

शेवटी हिशोब मांडला. छताचं पीओपी, रंगीत लाईट आणि एक भिंतभर आरसा काढून टाकला. तेवढ्यात दोन साध्या, जाड पत्र्याच्या, एकसारख्या हायड्रॉलिक खुर्च्या बसतात. भावाला ते पटलंय. जो आधी येईल तो मोकळ्या खुर्चीवर, हेही पटलंय, पण अर्धंच. काल रात्री तो म्हणाला, "दादा, तुझं सगळं खरं. पण ड्रेनेजवाला बसलेला बघून गिऱ्हाईक उठून गेलं, तर पतपेढीचा हप्ता बाबासाहेब भरणार का तू?"

प्रश्न रास्त आहे. त्याला भाषणानं उत्तर देता येत नाही. मी सांगितलं, पहिले सहा महिने अर्धा हप्ता माझ्या पगारातून. घरी बायकोला अजून सांगायचंय.