परक्याच्या अंगणातील फूल



देवपूजेसाठी शेजाऱ्याच्या अंगणातील फूल न विचारता तोडले, तर ती चोरी होते काय? प्रश्न क्षुल्लक वाटतो; परंतु पहाटे परडी घेऊन निघणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांसमोर तो नित्य उभा असतो. ‘फूल देवाचे, ते देवालाच वाहिले’ हे उत्तर बहुधा तयार असते. ते विचाराच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहणे इष्ट होय.

या उत्तराला शास्त्राधार मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. गौतमधर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी काष्ठे आणि वेलीवृक्षांची फुले आपलीच समजून घेण्याची मुभा दिली आहे. तथापि, तेथेच फळांविषयी बोलताना झाडास कुंपण नसावे, अशी अट घातलेली आहे. जेथे कोणी श्रमाने राखण केली, तेथे त्याचा अधिकार उत्पन्न होतो, हे तत्त्व त्या अटीत मान्य झालेले दिसते. रानातल्या वेलीला राखणदार नसतो. अंगणातले फुलझाड मात्र कोणाच्या तरी हातांनी वाढलेले असते.

ते हात किती राबतात, हे घरी फुलझाडे लावणाऱ्यालाच ठाऊक. जास्वंदीची वीतभर फांदी पावसाळ्यात रोवली की मुळे धरते. पण पुढे पिठ्या ढेकणापासून तिला जपावे लागते. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. म्हणून थंडीत छाटणी करून खतपाणी घालावे, तेव्हा उन्हाळ्यात बहर भरघोस येतो. शेवंती तर दिवस लहान होऊ लागल्यावरच कळ्या धरते. रात्री दिव्याचा उजेड तिच्यावर सतत पडत राहिला, तर तिचे फुलणे लांबते. महिनोन् महिने वाट पाहणाऱ्या गृहिणीने सकाळी दार उघडावे आणि झाड रिकामे दिसावे, यात देवाला कोणता संतोष?

कोणी म्हणेल, जास्वंदीचे फूल एका दिवसाचे. सायंकाळी ते मिटणारच. हे खरे आहे. परंतु घाईचा हात एका फुलावर थांबत नाही. आपल्या गोव्यातील लाडक्या अबोलीचा तुरा पाहा. त्यातील फुले खालून वर क्रमाक्रमाने उमलतात. जो सबंध तुराच ओरबाडतो, तो आजच्या फुलांबरोबर पुढील कित्येक दिवसांची फुलेही नेतो. शिवाय मधमाश्या आणि मध चोखणारे शिंजीर पक्षी यांचाही त्या झाडावर वाटा असतो. सर्व कळ्या पहाटेच नेल्या, तर त्यांनी कोठे जावे?

पारिजातक या बाबतीत आपला गुरू शोभेल. तो रात्री फुलतो व पहाटे आपण होऊन सडा घालतो. भूमीवर पडलेली फुले सहसा पूजेस वर्ज्य. परंतु पारिजातकाची मात्र चालतात. झाडाने स्वतः सोडून दिलेले ते दान आहे. पूजेचे मर्मही हेच नव्हे काय? गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी एवढेच मागितले आहे, पण ते भक्तीने दिलेले. जे आपले नाही, ते आपण देणार कसे? परक्याचे फूल वाहणारा स्वतःचे काहीच सोडीत नाही. तो शेजाऱ्याचे श्रम आपल्या नावावर वाहतो. म्हार्दोळच्या श्री महालसेच्या देवळात होणारी जायांची पूजा शोभते, ती केवळ फुलांच्या राशीमुळे नव्हे. त्या जाया जोपासणाऱ्यांचे कष्टही तीत अर्पण झालेले असतात.

तेव्हा ज्याला अंगण आहे, त्याने एक तरी फुलझाड लावावे. ज्याला अंगण नाही, त्याने कुंडीत तगर किंवा गोकर्णाचा वेल लावावा. दोन्ही फारशी बडदास्त मागत नाहीत. कण्हेर लावणाऱ्याने मात्र तिचे सर्वांग विषारी आहे, हे ध्यानात ठेवून मुलांना व गुरांना तिच्यापासून दूर ठेवावे. आणि शेजारच्या फुलाची गरज पडलीच, तर दार ठोठावून विचारावे. फूल मागितल्याने आपण लहान होत नाही. उलट देणाराही त्या पूजेचा वाटेकरी होतो, आणि एका फुलाने दोन घरांची सेवा श्रींच्या चरणी रुजू होते.