रात्रीतून कुणी नेलं

गेल्या दिवाळीत परळीच्या घरी मी मोबाईल टीव्हीला जोडून 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' लावला होता. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, मागे बाजेवर सुपारी कातरत बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. पण या सिनेमात बोलणं इतकं कमी आहे की त्यांचं काही अडलं नाही. शेवटी तीन माणसं स्मशानाच्या मधल्या गोल फरशीवर एकमेकांकडे बघत उभी राहतात, कुणीच आधी हात हलवत नाही, मिनिटामागून मिनिट जातं, तेव्हा तात्यांचा अडकित्ता थांबला. म्हणाले, "हे तर आपल्या विहिरीवाणी झालं."

त्या विहिरीबद्दल घरात कुणी सहसा बोलत नाही, म्हणून मी सिनेमा तिथंच थांबवला.

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आबांनी आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने मिळून सामाईक विहीर खोदायला घेतली. दोघांची घरं चुलत्यासारखी. एकाचा बैल आजारी पडला तर दुसऱ्याचा जुंपायचा, इतका घरोबा. दोनेक परस खोदून झाल्यावर एका संध्याकाळी टिकाव कशावर तरी वाजला. माती सारून पाहिलं तर मडक्याचा काठ. अंधार पडत आला होता. मजूर निघून गेले होते, खाली फक्त हे दोघं. त्यांनी ठरवलं की आज हात लावायचा नाही, उद्या पहाटे नारळ फोडून दोघांनी मिळून काढायचं, आणि तोवर घरातसुद्धा कुणाला सांगायचं नाही. पहाटे दोघं आले तर मडकं फुटलेलं, आत नुसती माती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तात्या म्हणतात, "तवापासून दोन्ही घरं तशीच बघायलीत."

पन्नास वर्षं झाली. आबा गेले, तो शेजारीही गेला. विहिरीला पाणी चांगलं आहे.

सिनेमा १९६६चा, सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाचा. गोष्ट अमेरिकेच्या यादवी युद्धातली, चित्रीकरण बरंचसं स्पेनमध्ये. दोन लाख डॉलरचं सोनं एका कबरीत पुरलेलं आहे. वाळवंटात मरायला टेकलेला एक सैनिक टुकोला स्मशानाचं नाव सांगतो आणि पाणी मागतो. टुको पाणी आणायला जातो तेवढ्यात तो सैनिक मरतो, पण मरण्याआधी कबरीवरचं नाव ब्लाँडीच्या कानात सांगून जातो. आता एकाला स्मशान माहीत, दुसऱ्याला कबर. काही क्षणांपूर्वी टुको ब्लाँडीला उन्हात फरफटवत मारायला निघाला होता. तोच टुको आता त्याच्या तोंडाशी पाणी धरून 'मरू नकोस' म्हणून गयावया करतो. हसू येतं. पण मैत्री, निष्ठा, भागीदारी या शब्दांखाली खरोखर किती माल असतो, हे इतक्या कमी वेळात दाखवलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ही गोष्ट लिओनेची नाही, आपल्याकडचीच जुनी आहे. वेदब्भ जातकात एका ब्राह्मणाला असा मंत्र येत असतो की विशिष्ट ग्रहयोगावर तो म्हटला की आकाशातून रत्नं बरसतात. पाचशे चोर त्याला धरतात, तो रत्नं पाडून देतो. दुसरे पाचशे चोर येतात. त्यांना सांगितलं जातं की पुढचा योग वर्षाने आहे. ते चिडून ब्राह्मणाला मारतात, पहिल्या पाचशेंना गाठून मारतात, आणि मग आपसात फळ्या पडून कापाकापी सुरू होते, ती दोघं उरेपर्यंत. एक तलवार घेऊन धनाजवळ बसतो, दुसरा गावातून भात आणायला जातो. आणणाऱ्याने भातात विष कालवलेलं असतं, बसणाऱ्याने तलवार उपसून ठेवलेली असते. भात आणणारा कापला जातो आणि कापणारा तो भात खातो. युरोपात चौदाव्या शतकात चॉसरने जवळपास हीच गोष्ट सांगितली. हजारावर माणसं मेल्यावर धन जंगलात तसंच पडून राहतं.

या सगळ्या गोष्टींचा अर्थ आपण लहानपणापासून एकच काढतो: लोभ वाईट. मला तो अर्थ पुरत नाही. आबा लोभी नव्हते, हे मी नातू म्हणून म्हणतोय असं समजून सोडून द्या. पण त्यांच्यावर आणि शेजाऱ्यावर लोभाचा आळ दुसऱ्या कुठल्याच बाबतीत कुणी घेतला नाही. त्याच विहिरीचं पाणी दोघांनी नंतरही पाळी लावून समसमान वाटून घेतलं, एका तासाचीही तक्रार नाही. मग मडक्यापाशीच काय झालं?

सिनेमात संशय नेहमी खरा ठरतो, हे त्यामागचं एक कारण असावं. तिघंही बदमाश आहेत हे आपल्याला पहिल्यापासून माहीत. ब्लाँडी टुकोवर विश्वास ठेवत नाही, ते शहाणपणाचंच ठरतं. आदल्या रात्री त्याने टुकोच्या पिस्तुलातल्या गोळ्या काढून ठेवलेल्या असतात, म्हणून तर तो वाचतो. अशा जगात अविश्वासाला नैतिक किंमत पडत नाही. निर्दोष माणसावर संशय घेतला, असं त्या गोलात कधी होतच नाही. आपण प्रेक्षक निर्धास्त मनाने मजा घेतो. आपल्या गावात मात्र बहुतेक संशय खराही ठरत नाही आणि खोटाही. तो नुसता राहतो. आणि संशय घेणं हे काही न करताही कुणाचं तरी नुकसान करणं आहे: ज्याने काही नेलं नाही त्याला तुम्ही पन्नास वर्षं चोर ठरवून ठेवलेलं असतं, आणि त्याला ते नाकारायची संधीही मिळत नाही, कारण तोंडावर कुणी आरोपच केलेला नसतो.

त्या सिनेमातही एक अवघड जागा आहे. पुलापाशी दोघं एकमेकांना आपापलं अर्धं गुपित सांगायचं ठरवतात. टुको आधी सांगतो, आणि खरं सांगतो. ब्लाँडी कबरीचं नाव खोटं सांगतो. मग टुको घोडा घेऊन एकटाच स्मशानाकडे पळतो. म्हणजे खरं बोलणारा दगा देतो. आणि शेवटी खोटं बोलणारा ब्लाँडी अर्धं सोनं टुकोसाठी ठेवून जातो. फासात मान अडकवून ठेवतो, लांबून गोळीने दोर तोडतो, हे खरं. पण वाटा बरोबर अर्धा. विश्वास शून्य आणि वाटणी चोख, असं होऊ शकतं. आमच्या विहिरीच्या पाण्याचंही तेच. न्यायाला विश्वास लागतोच असं नाही, ही गोष्ट मला थोडी बोचते.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस थ्रॅसिमॅकसला विचारतो, की दरोडेखोरांची टोळीसुद्धा एकमेकांशी अन्यायाने वागली तर काही साध्य करू शकेल का? थ्रॅसिमॅकसला मान्य करावं लागतं की नाही. तेव्हा बाहेर लुटायचं तरी आत थोडा न्याय लागतोच. युक्तिवाद छान आहे, पण सॉक्रेटिस एक विचारत नाही: टोळीतल्या एकाला फसवलं गेलं तर त्याने दाद कुणाकडे मागायची? सावकाराने फसवलं तर कचेरी आहे, भावाने फसवलं तर पंच आहेत. ज्याची वाच्यताच करायची नाही ठरलं, त्याची फिर्याद कशी करणार?

आबांचं आणि शेजाऱ्याचं नेमकं इथं चुकलं असं मला वाटतं. मडकं दिसल्यावर त्यांनी केलेला करार वाटणीचा नव्हता, तिसऱ्याला न सांगण्याचा होता. १८७८चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. धनाचा मूळ मालक कुणी नाही असं ठरलं तर साधारणपणे तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला. आमच्या बाबतीत सापडणारे आणि जागेचे मालक तेच, म्हणजे सगळं त्यांचंच झालं असतं. पण सरकारला कळवलं की जातं, हे गावात कायद्यापेक्षा जुनं ज्ञान. म्हणून दोघं गप्प राहिले, आणि दुसऱ्या दिवशी फुटकं मडकं दाखवायला त्यांच्याकडे एकही साक्षीदार नव्हता. त्या संध्याकाळी वर चार मजूर थांबले असते, तर 'टिकावानेच फुटलं असेल, आत मातीच होती' असं म्हणणारं कुणीतरी असतं.

वैजनाथाच्या देवळाची आमच्याकडे सांगितली जाणारी कथाही भागीदारीचीच आहे. देव आणि दानव मिळून समुद्र घुसळतात, कष्ट दोघांचे, आणि अमृत निघाल्याबरोबर भागीदारी मोडते. दानव झडप घालतात, तेव्हा विष्णू धन्वंतरी आणि अमृत दोन्ही शिवलिंगात लपवतो. दानव हात लावायला जातात तर ज्वाळा निघतात, भक्त हात लावतात तर अमृत पाझरतं. म्हणून परळीला कुणीही लिंगाला स्पर्श करून दर्शन घेऊ शकतो, असं सांगतात. लहानपणी मला दानवांचं वाईट वाटायचं. त्यांनीही वासुकी ओढलाच होता ना, आणि तोही तोंडाच्या बाजूने. आज त्या कथेतली मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे: लपवलेलं धन शेवटी सगळ्यांचा हात लागेल अशा जागी ठेवलेलं आहे.

मानवत आमच्यापासून फार लांब नाही. परभणीला गाडी बदलली की मानवत रोड. १९७२च्या नोव्हेंबरपासून १९७४च्या जानेवारीपर्यंत तिथे मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. गुप्तधन आणि अपत्य मिळावं म्हणून हे बळी दिले गेले, असा सरकार पक्षाचा आरोप होता. २०२४मध्ये त्यावर वेब मालिकाही आली. पहिल्यांदा या बातम्या वर्तमानपत्रात आल्या तेव्हा आजीने 'हंडा' हा शब्दच घरात बंद केला, असं तात्या सांगतात. पितळी हंड्यालाही ती 'भांडं' म्हणायची.

त्या खटल्यात गुन्ह्यातले साथीदार माफीचे साक्षीदार झाले. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काहींच्या शिक्षा कायम राहिल्या, काही सुटले. साथीदाराच्या साक्षीचं वजन किती धरायचं, यासाठी तो निकाल वकील आजही काढतात. २०२४पर्यंत लागू असलेल्या जुन्या पुरावा कायद्याची इथली गंमत बघण्यासारखी होती. एक कलम म्हणायचं की साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा झाली तर ती बेकायदेशीर नाही. दुसरं म्हणायचं की महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासाला पात्र नाही असं न्यायालयाने गृहीत धरायला हरकत नाही. म्हणजे ऐका, पण तिसरं कुणी बोललं तरच माना. मला यात कायद्याची तुच्छता दिसत नाही. गुपितात सामील झालेल्या माणसाचा शब्द त्या गुपितानेच खराब केलेला असतो, आणि तो दुरुस्त करायला बाहेरचं कुणीतरी लागतं, एवढंच त्यात आहे.

महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही मी या निमित्ताने पुन्हा पाहिला. मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि पाण्याचे स्रोत शोधण्यासाठी केलेली अघोरी कृत्यं त्यात गुन्हा ठरवली आहेत. सोनं आणि पाणी एकाच ओळीत. मराठवाड्यातल्या माणसाला त्यात काही नवल वाटणार नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मीच घेतो. उघडपणा आला की संशय जातो, असं काही नाही. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला कोयते जातात. मुकादम उचल देतो, कागदावर अंगठे होतात, साक्षीदार असतात, आणि तरी दोन्हीकडे धाकधूक: उचल घेऊन जोडी आलीच नाही तर, आणि हंगाम संपल्यावर हिशोबात काही शिल्लकच राहिलं नाही तर. तिथे सोनं नाही, लोभाला जागा नाही, निदान तोडणाऱ्याकडे तरी नाही. पण ते भांडण बोलता येतं. पट्टी वाचता येते, चार लोक गोळा करता येतात, शिव्या देता येतात. निकाल बहुधा तोडणाऱ्याच्या विरुद्धच लागतो, तरी त्याला आपला चोर कोण हे माहीत असतं. आमच्या घराला तेही नाही.

दिवाळीनंतर परतायच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर गेलो. शेजारच्या घरातले नाना मोटारीपाशी बसले होते. बाहत्तर साली ते नऊ-दहा वर्षांचे असतील. मी सरळच विचारलं, की तुमच्याकडे त्या मडक्याचं काय सांगतात?

नानांनी आधी विहिरीत बघितलं. "आमचा बाप म्हणायचा, तुझ्या आज्यानं न्हेलं."

"आमच्याकडं उलटं म्हणतेत."

"म्हणतच असतेन."

"तुमाला काय वाटतं, नाना?"

त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "मी त्या दिवशी सकाळी बापासंगं आलतो. मडकं आतून ओलं व्हतं. वली माती, तळापतूर. रात्री कुणी काढलं असतं तर माती भाईर असती ना."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला इचारलं कोण?" नाना उठले. विहिरीच्या काठावर दोन स्टार्टरच्या दोन पेट्या आहेत, दोन्हींना वेगळी कुलपं. आपल्या पेटीचं कुलूप काढता काढता त्यांनी विचारलं, "तुमची पाळी कवा हाय आज? लाईट चारला जातीय."