साहसमालिकेतील विनोदी भाग आणि रसविरोधाचा प्रश्न

दर आठवड्याला नवे संकट उभे करणारी आणि त्या संकटाच्या खरेपणावरच प्रेक्षकाला धरून ठेवणारी साहसप्रधान दूरचित्रवाणी मालिका एखादा भाग निव्वळ विनोदासाठी राखून ठेवते, तेव्हा तिच्या चाहत्यांत हमखास दोन तट पडतात. एका तटाला तो भाग सर्वांत लाडका वाटतो, तर दुसऱ्याला तो विश्वासघात वाटतो. हा वाद विनोदाच्या दर्जावरून चालला आहे असे वरवर दिसत असले, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वीच रसविरोध या नावाने मांडला होता. जे रस एकमेकांना मारक ठरतात ते एकाच कृतीत कसे नांदवायचे, हा तो प्रश्न होय. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हे रस सांगितले आहेत, आणि साहसकथेचा प्राण तर भयातच असतो. यावर नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दिलेले उत्तर आजही पुरेसे आहे: विरोधी रसांपैकी एकाने अंगी, म्हणजे प्रधान, व्हावे आणि दुसऱ्याने अंग, म्हणजे त्याला पोसणारा घटक, होऊन राहावे.

हे सूत्र किती दूरवर लागू पडते, हे अमेरिकी दूरचित्रवाणीवर दोन महिन्यांच्या अंतराने प्रसारित झालेल्या दोन भागांवरून दिसते. २९ डिसेंबर १९६७ रोजी ‘स्टार ट्रेक’चा ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा भाग दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी १९६८ रोजी ‘लॉस्ट इन स्पेस’चा ‘द ग्रेट व्हेजिटेबल रिबेलियन’ हा भाग. विशेष म्हणजे स्टॅन्ली अ‍ॅडम्स हा एकच नट दोन्हींत आहे. पहिल्यात तो केसाळ, गुरगुरणारे, भराभर पिलावळ वाढवणारे ट्रिबल नावाचे जीव विकणारा फिरता व्यापारी आहे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध दृश्यात धान्याच्या कोठाराचे झाकण उघडताच शेकडो ट्रिबल कप्तानाच्या अंगावर कोसळतात आणि तो छातीपर्यंत त्यांच्यात बुडतो. प्रेक्षक हसत असतानाच ध्यानात येते की यातले बरेचसे जीव मेलेले आहेत, म्हणजे धान्यात विष आहे, आणि ज्या कटाचा माग लागत नव्हता तो या हास्यास्पद ढिगाऱ्यातूनच उघडकीला येतो. येथे हास्याने भयाची जागा बळकावलेली नाही. त्याने भयाचीच चाकरी केली आहे.

दुसऱ्या भागात हाच नट गाजराचा वेष घालून वनस्पतींच्या राज्याचा कैवारी होतो आणि डॉक्टर स्मिथ हे पात्र हळूहळू वनस्पती बनू लागते. या भागाच्या चित्रीकरणात कलाकारांनाच हसू आवरत नव्हते, असे त्यातील अभिनेत्री जून लॉकहार्ट यांनी पुढे सांगितले आहे. जेथे संकटात सापडलेलेच संकटाला हसतात, तेथे प्रेक्षकाने धास्ती कशाची घ्यावी? अंगी रस येथे उरलेलाच नाही, आणि ज्यांनी मालिका त्या रसासाठी पाहिली त्यांचा संताप म्हणूनच रास्त ठरतो.

हाच प्रश्न आपल्याकडेही भेटतो, आणि मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा त्याच्याशी असलेला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाटावरून गोंदिया-भंडाऱ्याकडे उतरते, आणि हीच नदी व शिवनीच्या टेकड्या रड्यार्ड किपलिंग यांनी १८९४ आणि १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जंगल बुक’च्या दोन पुस्तकांत मोगलीचा मुलूख म्हणून रंगवल्या. दुसऱ्या पुस्तकातील एका कथेत दख्खनेतून आलेली रानकुत्री, म्हणजे मराठीतले कोळसुंदे, लांडग्यांच्या कळपावर चालून येतात, तेव्हा मोगली झाडाच्या फांदीवर बसून त्यांची मनसोक्त टवाळी करतो. त्यांच्या पायांच्या बोटांमधल्या केसांची तो चेष्टा करतो आणि उडी मारणाऱ्या म्होरक्याची शेपटीच छाटतो. हा प्रसंग खरोखर हसवणारा आहे. पण त्या टवाळीमागे हिशेब आहे, कारण चिडलेल्या टोळीला त्याला वैनगंगेच्या कड्यावरील मधमाश्यांच्या पोळ्यांकडे ओढून न्यायचे आहे. थट्टा जितकी तिखट, तितका पुढचा पाठलाग जीवघेणा. बारसिंगा आणि वाघ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा मुक्कीकडील भाग याच जिल्ह्यात येतो, आणि मोहफुले किंवा तेंदूपाने आणायला जंगलात जाणाऱ्या माणसाला वाघ ही कल्पना नसते. अशा मुलखात भयाला पोसणाऱ्या हास्याचा अर्थ कोणाला फोड करून सांगावा लागत नाही.

निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९० मध्ये केलेली ५२ भागांची ‘जंगल बुक’ मालिका १९९०च्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून आली, तेव्हा बालाघाटातील मराठी घरांतही मोगली पोहोचला तो हिंदीतूनच. लहान मुलांसाठी रचलेल्या या मालिकेत बछड्यांच्या खोड्या आणि गमती भरपूर आहेत. तरीही ती साहसकथा राहिली, याचे बरेचसे श्रेय शेरखानाला लाभलेल्या नाना पाटेकर यांच्या आवाजाला द्यायला हवे. तो आवाज कानी पडताच खोड्या थांबतात. त्याच दशकातील ‘चंद्रकांता’ मालिकेत अखिलेंद्र मिश्र यांचा क्रूरसिंह ‘यक्कू’ म्हणत हसवतो, पण त्याचा दुष्टावा त्या हसण्याने कमी होत नाही, म्हणून तोही या कसोटीला उतरतो.

मात्र आनंदवर्धनाच्या सूत्राने वाद पुरता मिटत नाही, कारण मालिकेत कृती कोणती मानायची हेच ठरलेले नसते. वैनगंगेच्या खालच्या खोऱ्यातील झाडीपट्टीच्या रंगभूमीवर, किंवा तमाशाच्या वगात, सोंगाड्या येतो, हसवतो आणि त्याच रात्री कथा पुन्हा आपल्या वळणावर येते. प्रेक्षकाला दोन्ही एकाच बैठकीत मिळतात. दूरचित्रवाणी मात्र सोंगाड्याला संपूर्ण भाग देते. एका प्रक्षेपणासाठी आठवडाभर थांबलेल्या आणि चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नसलेल्या प्रेक्षकासाठी तो भाग हीच संपूर्ण कृती होती, आणि त्यात संकट नसेल तर त्याचा आठवडा वाया गेला होता. तीच मालिका अनेक वर्षांनंतर सलग पाहणाऱ्याच्या दृष्टीने कृती म्हणजे अख्खी मालिका, आणि ऐंशी-पंच्याऐंशी भागांच्या धास्तीत एक गाजर हे त्याला क्षम्य, किंबहुना हवेहवेसे अंग वाटते. दोघेही रसिक आहेत आणि दोघेही एकाच निकषाने बोलत आहेत. तरीही पहिल्याची तक्रार अधिक वजनाची मानली पाहिजे, कारण मालिका रचली गेली ती त्याच्या आठवड्याभराच्या प्रतीक्षेसाठीच.